खाणीवरचा जुना ट्रक शेतीच्या कामाला लावताना

गोव्यात सावर्ड्याहून सांग्याकडे किंवा सांखळीहून वाळपईकडे जाताना घरांच्या मागे उभे असलेले लाल धुळीचे टिपर (हौदा उलटून माल ओतणारे ट्रक) सगळ्यांनीच पाहिले आहेत. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २०१४ मध्ये अटींवर ते सुरू होण्याची वाट मोकळी झाली, पण २०१८ च्या १६ मार्चला पुन्हा बंद पडले. या मधल्या वर्षांत कितीतरी गाड्या विकल्या गेल्या, काही भंगारात गेल्या, काही अजून उभ्या आहेत. आमच्याही अंगणात एक होती. आज ती नारळ, शेणखत आणि ऊस वाहते.

शेतीसाठी असा जुना ट्रक घ्यायला निघालेली तरुण मुले मला विचारायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हमखास इंजिनाचा असतो. कुठले इंजिन घालू, किती हॉर्सपॉवरचे घालू? माझे उत्तर दरवेळी तेच असते. इंजिन शेवटी बघा. जुन्या ट्रकमध्ये इंजिन ही सगळ्यांत सहज बदलता येणारी वस्तू आहे. वाकलेली चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि बिघडलेले कागद बदलून मिळत नाहीत. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे.

आधी माल मोजा

गाडी बघायला जाण्याआधी वही घेऊन बसा. वर्षात काय वाहायचे, कुठून कुठे, किती फेऱ्या, त्यातल्या पावसाळ्यात किती, हे सगळे लिहून काढा. सोडणासकट नारळ सरासरी सव्वा किलोचा धरला तर पाच हजार नारळांचे सव्वासहा टन होतात. पेंढ्याने हौदा शिगोशीग भरला तरी वजन फारसे होत नाही. ओली माती मात्र घनमीटरला पावणेदोन टनांपर्यंत जाते, म्हणजे आठ घनमीटरचा टिपर काठोकाठ भरला तर चौदा टन. खाणीवरची दोन आक्सलची गाडी ‘दहा टनी’ म्हणून ओळखली जाते. मातीच्या कामात हौदा पाऊण भरला की थांबायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

ज्यांचे काम भाटातला नारळ, कुळागरातली सुपारी आणि थोडे खत एवढेच आहे, त्यांनी जड ट्रकच्या नादी लागूच नये. चार-पाच टनांची छोटी गाडी पुरते. ती अरुंद वाटेवर वळते आणि तिचा खर्चही झेपतो. जड ट्रक परवडतो तो ऊस, चिरे, माती, खत अशा वजनदार आणि सततच्या कामाला, किंवा चार-पाच शेतकरी मिळून घेणार असतील तर. धारबांदोड्याच्या संजीवनी कारखान्यातले गाळप २०१९-२० पासून बंद आहे. त्यानंतर आपल्याकडचा ऊस घाट चढून राज्याबाहेर जाऊ लागला. घाटाची फेरी आणि गावातली फेरी यांचे हिशेब अगदी वेगळे आहेत, तेही वहीत वेगळेच मांडा.

नावावरचा आकडा वाचायला शिका

१२१०, १६१३, २५१६ हे आकडे उगाच दिलेले नाहीत. पहिले दोन अंक म्हणजे गाडी आणि माल मिळून टनांतले वजन, पुढचे दोन अंक दहाने गुणले की साधारण अश्वशक्ती. १६१३ म्हणजे सोळा टन, एकशे तीसच्या आसपास. टाटाच्या जुन्या इंजिनांची नावेही अशीच बोलतात. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर. टाटांच्याच टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. ६९७ हे त्याच घराण्यातले ५६७५ सीसीचे इंजिन. पुढे आलेले कमिन्सचे सिक्स-बीटी ५.९ लिटरचे आणि टर्बोचे. खाणीवरच्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा या दोनांपैकी एक किंवा लेलँडचे इंजिन सापडेल. तिन्हींचे सुटे भाग मिळतात आणि तिन्हींवर हात बसलेले मेस्त (मेकॅनिक) मिळतात. याच्या बाहेरचे दुर्मीळ इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. ऐन हंगामात एका गॅस्केटसाठी आठवडा वाया जाईल.

कागद

गाडी न बघता आधी आरसी मागा. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, ठसा उमटेल. तो आरसीशी अक्षर अन् अक्षर जुळला पाहिजे. नंबराभोवती वेल्डिंगच्या खुणा किंवा घासलेली जागा दिसली, तर चहा पिऊन परत या.

आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. खाणपट्ट्यातल्या गाडीवर कर्ज असणारच, आणि कर्ज फिटले तरी बोजा उतरवायचा राहून जातो. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याकडूनच करून घ्या, पैसे दिल्यावर नव्हे, आधी. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, परराज्यातली गाडी असेल तर वर फॉर्म २८ चे ना-हरकत. थकलेला रस्ता कर, ई-चलने आणि संपलेले पासिंग यांची बेरीज करून ती किमतीतून वजा करा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागते आणि पंधरा वर्षांनंतर त्याची फी बरीच चढते. त्या दिवशी लागू असलेला आकडा आरटीओच्या खिडकीवर विचारून मगच सौदा करा.

एक गैरसमज मी पुष्कळदा ऐकतो: ‘माझाच माल, माझेच शेत, परमिट कशाला?’ एकूण वजन तीन टनांच्या वर गेले की मालवाहू गाडीला परमिट लागते, माल कोणाचाही असो. चालवणाऱ्याकडे जड वाहनाचा परवाना हवा, आणि त्यासाठी आधी हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हातात असावा लागतो. घरातला मुलगा ट्रक चालवणार असेल तर त्याचे हे वर्ष आतापासून मोजा.

चेसिस: इथे अर्धा दिवस द्या

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस. त्यात किनाऱ्याजवळ उभ्या राहिलेल्या गाडीला खारा वाराही लागतो. खाणीवरच्या गाडीची लाल धूळ चेसिसच्या कोपऱ्याकोपऱ्यात बसून ओल धरते आणि आतून लोखंड खाते. वरून काळा रंग मारलेला असतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका. एक छोटी हातोडी घ्या, गाडीखाली शिरा आणि दोन्ही बाजूंच्या मुख्य पट्ट्या वीत-वीतभर ठोकत जा. धड लोखंड टणटणते, कुजलेले बद्द वाजते. जिथे दोन पट्ट्या एकावर एक बसवल्या आहेत, तिथे त्यांच्यामध्ये गंज फुगून पट्ट्या एकमेकींपासून सुटलेल्या दिसतात. बोट आत जाईल एवढी फट असेल तर ती गाडी सोडा.

भेगा कुठे पडतात हे ठरलेले आहे. मागच्या कमान पाट्यांचे ब्रॅकेट जिथे चेसिसला रिव्हेट केले आहेत तिथे, टिपरचा जॅक जिथे बसतो तिथे, आणि हौदा उलटताना ज्या बिजागरीवर सगळा भार येतो तिच्या आसपास. ब्रेक क्लीनर किंवा डिझेलने जागा पुसा, कोरडी होऊ द्या आणि टॉर्च तिरपी धरून बघा. केसासारखी रेघ दिसली आणि तिच्यातून डिझेल पाझरत राहिले तर ती भेगच. एखादी भेग चांगल्या वेल्डरकडून दुरुस्त होते. तीन-चार ठिकाणी जुनी वेल्डिंग दिसली, तर त्या गाडीने आयुष्यभर जास्त भार ओढला आहे असे समजा.

आमच्या गाडीच्या वेळी मी हे केले नाही. इंजिन गोड वाजत होते, मी त्यावरच भुललो. पहिल्याच पावसाळ्यात रिवणच्या बाजूला खताची फेरी घेऊन जाताना गाडी एका अंगाला झुकू लागली. खाली बघतो तर मागच्या ब्रॅकेटपाशी पट्टी चिरलेली. हौदा उतरवून चेसिस सरळ करायला जो खर्च आणि जो वेळ गेला, त्यात दुसरी धड गाडी आली असती.

गाडी सपाट जागेवर उभी करून मागून, वीस पावलांवरून बघा. हौदा आणि केबिन एका रेषेत आहेत का? मग दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधले अंतर टेपने मोजा. दोहोंत बोटभराहून जास्त फरक आला तर आक्सल सरकलेला आहे किंवा चेसिस वाकलेली आहे.

ब्रेक

इंजिन चालू करून हवेचा काटा पूर्ण चढू द्या, साधारण सात-आठ बारपर्यंत. इंजिन बंद करा, ब्रेक पायडल दाबून धरा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांत काटा उघड उघड उतरला, तर कुठेतरी हवा गळते आहे. साबणाचे पाणी लावून गळती शोधता येते. मग टाक्यांचे खालचे कॉक उघडा. तेल मिसळलेले पाणी भसाभस आले तर कॉम्प्रेसर थकला आहे.

चारी ड्रम काढून बघायची परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला तर निदान मागचा एक तरी काढायला लावा. खाणीवरून जेटीकडे दिवसातून कित्येक वेळा भरून उतरलेल्या गाडीचे ड्रम आतून जाळीदार तडकलेले असतात. अशा ड्रमवर नवीन लायनिंग बसवून काही होत नाही. ड्रमच बदलायचे, आणि ते खर्चात धरायचे. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) असेल तर तो चालू स्थितीत आणा. नसेल आणि तुमचे काम घाटाचे असेल, तर इंजिनावर पैसा घालण्याआधी तो बसवा. चोर्ला घाट उतरताना भरलेली गाडी चालवलेल्या माणसाला याचे कारण सांगावे लागत नाही.

चढ, गिअर आणि हाउसिंग

आता इंजिनाचा मोह का आवरायचा, ते आकड्यांत बघू. भरलेली सोळा टनांची गाडी दहात एक असा चढ चढते आहे. चढासाठी वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे १६०० किलोचा जोर लागतो. कच्च्या रस्त्यावर टायरला होणारा अडसर वजनाच्या दोन टक्के धरला तर आणखी ३२०. एकूण १९२०. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलो वजन मीटरभर उचलण्याचे काम. ताशी पंधरा किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.१७ मीटरने चढायचे तर चाकांपाशी १०७ अश्वशक्ती लागते. १३० च्या इंजिनातून गिअर आणि हाउसिंग (मागच्या आक्सलमधली दात्यांची पेटी) यांतले पंधरा टक्के नुकसान वजा केले की ११० उरते. म्हणजे जुने १३० चे इंजिन धडधाकट असेल तर हा चढ पंधराने चढते.

१८० चे इंजिन घातले तर तोच चढ साडेएकवीसच्या वेगाने होईल. दोन किलोमीटरच्या चढावर अडीच मिनिटे वाचतील. दिवसाला चार फेऱ्या केल्या तर दहा मिनिटे. एवढ्यासाठी क्लच, गिअरबॉक्स, जॉइंट आणि क्राऊन-पिनियन या सगळ्यांवर जास्तीचा ताण घ्यायचा का, ते ज्याने त्याने ठरवावे. गावातल्या फेऱ्यांसाठी माझे मत सरळ आहे: मूळ ताकदीचेच इंजिन ठेवा. रोज राज्याबाहेर घाट चढायचा असेल तरच मोठ्याचा विचार करा.

गाडी चढ चढेल की नाही हे पहिल्या गिअरवर आणि हाउसिंगच्या गुणोत्तरावर ठरते, अश्वशक्तीवर फक्त वेग ठरतो. हे गुणोत्तर स्वतः मोजता येते. सपाट जागेवर गाडी उभी करून तीन चाकांना पुढून-मागून घट्ट दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सुटा. मागचे एकच चाक जॅकवर उचला आणि खाली लाकडी ठोकळे द्या. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करा. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजा. तोच आकडा तुमचे गुणोत्तर. दुसरे मागचे चाक जमिनीवर स्थिर असते म्हणून एकाऐवजी दोन फेरे घ्यायचे.

हा आकडा इंजिन बदलताना लागतो. जुने ६९७ मिनिटाला साधारण २८०० फेऱ्यांपर्यंत जाते, सिक्स-बीटी २५०० च्या आसपास थांबते. हाउसिंग तेच ठेवून इंजिन बदलले तर गाडीचा वरचा वेग दहाव्या हिश्श्याने कमी होतो. शेतीच्या कामाला त्याने काही बिघडत नाही, पण बदल झाल्यावर ‘इंजिन ओढत नाही’ म्हणून डिझेलचा पंप छेडत बसणारे मी पाहिले आहेत.

इंजिन: ठेवायचे, करायचे की बदलायचे

इंजिन थंड असतानाच बघायला जा. बोनेटला हात लावा, आधीच तापवून ठेवलेले असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू झाल्यावर ऑइलचे झाकण काढा. झाकणातून धुराचे लोट येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा-पिस्टन गेले. गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑइल जळते आहे. काळ्या धुराचे कारण बहुतेकदा पंप-नोझलमध्ये किंवा चोंदलेल्या एअर फिल्टरमध्ये असते आणि ते स्वस्तात सुटते. रेडिएटरमध्ये बुडबुडे किंवा ऑइलला दुधाळ रंग दिसला तर हेड किंवा गॅस्केट.

चेसिस चांगली आणि इंजिन थकलेले, हा माझ्या मते उत्तम सौदा. अशा वेळी पहिला विचार असलेलेच इंजिन उघडून काम करण्याचा करावा. नंबर तोच राहतो आणि कागदांची धावपळ वाचते. सिक्स-बीटी उघडताना एक लक्षात ठेवा. त्याच्या ब्लॉकमध्ये सुटा लायनर (सिलिंडरची बदलता येणारी नळी) नसतो. झिजले की ब्लॉकच बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन घालायचे. ते अर्धा आणि एक मिलिमीटरचे मिळतात. म्हणून उघडण्याआधी विचारा की हा ब्लॉक पूर्वी कधी बोअर झाला आहे का. एक मिलिमीटरपर्यंत आधीच गेला असेल तर पुढे स्लीव्ह ठोकण्यावाचून मार्ग नाही.

ब्लॉक फुटला असेल किंवा क्रँक शेवटच्या साइझपर्यंत घासून झाली असेल, तर दुसरे इंजिन घ्या, आणि शक्यतो त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे घ्या. सुटे इंजिन विकत घेताना पक्के बिल हवे, ज्या गाडीतून ते काढले तिची आरसी रद्द झाल्याचा कागद हवा, आणि ब्लॉकवरचा नंबर मूळचा हवा. चोरीच्या गाडीचे इंजिन नकळत घेतलेत तरी पोलीस तुमच्याच दारात येतील.

बसवताना

प्रकार बदलत असाल तर या गोष्टी इंजिन आणण्याआधी मोजून घ्या: बेलहाउसिंगची भोके, फ्लायव्हील आणि क्लच प्लेटचा व्यास, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे दाते, माउंटिंगच्या जागा, सेल्फ आणि डायनॅमोचे व्होल्टेज. बारा व्होल्टच्या गाडीत चोवीसचा सेल्फ घेऊन आलेला गडी मी बघितला आहे. नव्या इंजिनावर हवेचा कॉम्प्रेसर आहे ना, याची स्वतः खात्री करा. जनरेटरवरून काढलेल्या इंजिनावर तो बहुधा नसतो, आणि त्याच्याशिवाय ब्रेक नाहीत. शिवाय जनरेटरच्या इंजिनाचा पंप एकाच ठरावीक वेगाला बांधलेला असतो. तो रस्त्यावरच्या गाडीसाठी पंपवाल्याकडून पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून घ्या. खाणीची धूळ पंख्यांच्या जाळीत विटेसारखी घट्ट बसलेली असते. टर्बो इंजिनाला जास्त थंडावा लागतो, इंटरकूलर असेल तर त्याचीही जागा समोरच. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची डिझेल टाकी उतरवून धुवा, नाहीतर तळातला गाळ आणि पाणी नवीन नोझलमध्ये जाईल.

पहिल्यांदा चालू करताना एक माणूस एअर फिल्टरची नळी काढून, हातात लाकडी फळी घेऊन उभा ठेवा. पंपाची रॅक (डिझेलचे प्रमाण ठरवणारी पट्टी) अडकली तर इंजिन क्षणात बेफाम पळते. अशा वेळी हवेचे तोंड फळीने दाबून बंद करणे हा एकच उपाय उरतो. हाताने किंवा फडक्याने ते तोंड बंद करायला जाऊ नका.

बदल झाल्यावर आरटीओ

आरसीवर लिहिलेल्यापेक्षा वेगळे इंजिन घालायचे तर आधी मंजुरी घ्या. त्याच बनावटीचे आणि प्रकारचे इंजिन असले तरी बदल केल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यायचा. टिपरचा हौदा काढून उसासाठी उघडा हौदा बांधला, तर तोही बदलच, त्यालाही मंजुरी लागते. नोंद न केलेल्या गाडीचा अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा नंबरच तपासते.

पहिला महिना

पहिले हजार किलोमीटर अर्धाच माल घाला. चढावर इंजिन रडेपर्यंत वरच्या गिअरात ठेवू नका, वेळीच खाली या. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, माउंटिंग, यू-बोल्ट आणि प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा. टर्बो असेल तर घाट चढून आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, दोन मिनिटे नुसती चालू ठेवा. हे सगळे मे महिन्याच्या आत उरकले पाहिजे, म्हणून गाडीचा शोध चवथीनंतर लगेच सुरू करा आणि इंजिन दिवाळीपर्यंत मेस्ताकडे पोचवा. जानेवारीनंतर ऊस आणि काजू दोन्ही अंगावर येतात, आणि मग कुठल्याच गॅरेजमध्ये जागा नसते.